विषाणूची ओळख : दिवसांवरून तासांवर

वसतिगृहात एखाद्या विद्यार्थ्यास ताप भरला की आमच्यापुढे पहिला प्रश्न औषधाचा नसतो. आज रात्री त्याने कोठे निजावे, हा असतो. एकाच दालनात मुले शेजारी शेजारी झोपतात, एकाच पंगतीत जेवतात. ताप साधा की इन्फ्लुएन्झासारखा पसरणारा, हे चार दिवसांनी कळले तर त्या कळण्याचा उपयोग फारसा उरत नाही. दुःखाचे कारण जाणल्यावाचून निरोध नाही, हे सूत्र आपणा सर्वांस परिचित आहे. रोगनिदानाचे शास्त्रही त्याच वाटेने जाते. फरक इतकाच, की तेथे कारण वेळेत सापडावे लागते.

पूर्वी प्रयोगशाळेत जिवंत पेशी वाढवून त्यांत रुग्णाचा नमुना सोडत. विषाणू असल्यास पेशी बिघडत, पण ते दिसून येण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडेही लागत. रक्तातील प्रतिपिंडे शोधणे त्याहून सोपे. मात्र शरीर ती आजार सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी तयार करते. तोवर संसर्ग चार जणांपर्यंत पोहोचलेला असतो.

हे चित्र पालटले ते पीसीआर या पद्धतीने. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी म्युलिस यांना 1983 मध्ये ती सुचली आणि 1993 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना साधी आहे. नमुन्यातील विषाणूचे जनुकीय द्रव्य इतके अल्प असते की ते थेट दिसत नाही. म्हणून त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढावयाच्या. सुमारे 95 अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे विलग होतात. तापमान उतरवल्यावर प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपली नेमकी जागा शोधून चिकटतात. मग विकर नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होऊ शकतात! एवढी उष्णता सोसणारे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत आढळलेल्या जिवाणूकडून मिळाले. कोरोना, इन्फ्लुएन्झा यांसारख्या विषाणूंत डीएनएऐवजी आरएनए असतो; त्याचे आधी डीएनएत रूपांतर करतात, म्हणून त्या चाचणीस आरटी-पीसीआर म्हणतात.

यंत्रातील हे काम एक-दोन तासांत उरकते. मग कोविडच्या काळात अहवाल दोन-तीन दिवसांनी का येत? तर बहुतेक वेळ यंत्राबाहेर जाई. नमुना शीतपेटीतून जिल्ह्याच्या गावी जाणे, नोंद होणे, 96 खळग्यांची तबकडी भरेपर्यंत थांबणे, आरएनए वेगळा काढणे. 2020 च्या जानेवारीत देशातील पहिल्या कोविड रुग्णाचा नमुना केरळमधून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेपर्यंत यावा लागला होता. आमच्या मते खरी गती येते ती रुग्ण आणि प्रयोगशाळा यांतील अंतर कमी झाल्याने. आणि ज्यांची गावे दूर, त्यांनाच या अंतराची झळ अधिक बसते.

त्या दिशेने दोन प्रयत्न महत्त्वाचे आहेत. जपानी संशोधकांनी 2000 मध्ये मांडलेल्या लॅम्प पद्धतीत तापमान वरखाली करावेच लागत नाही. साधारण 60 ते 65 अंशांवर, चार ते सहा प्रायमरांच्या साहाय्याने तासाभरात प्रती तयार होतात आणि काही चाचण्यांत निकाल द्रावणाच्या बदललेल्या रंगावरून डोळ्यांनीच वाचता येतो. दुसरा प्रयत्न गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट. हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र मुख्यतः क्षयरोगासाठी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोहोचले होते; 2020 मध्ये कोविडसाठीही ते वापरात आले. तबकडी भरण्याची वाट पाहावी लागत नाही; एका रुग्णाची चिप घातली की सुमारे तासाभरात उत्तर मिळते.

पालकांनी मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. ही चाचणी जनुकीय तुकडा शोधते, जिवंत विषाणू नव्हे. म्हणून बरे झालेल्या मुलाचा अहवालही काही दिवस, क्वचित काही आठवडे, होकारार्थी येऊ शकतो. उलट, संसर्गाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत किंवा नमुना नीट न घेतल्यास तो नकारार्थी येतो. अशा वेळी लक्षणे कायम असतील तर मुलास वेगळ्या खोलीतच ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा.