लोणारच्या विवरात किती बारोलो मावेल?

लोणारचं विवर काठोकाठ वाईनने भरायचं ठरवलं, तर जगातल्या सगळ्या द्राक्षबागांना जवळजवळ आठ वर्षं त्याच एका कामाला जुंपावं लागेल. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासूनची खोली सुमारे १४० मीटर. आकार वाडग्यासारखा धरला, तर आत अंदाजे १७,५०० कोटी लीटर मावतात. २०२४ साली साऱ्या जगात मिळून सुमारे २,२५० कोटी लीटर वाईन तयार झाली. त्यात इटलीची सुमारे ४४० कोटी लीटर, म्हणजे एकट्या इटलीला लोणार भरायला चाळीस वर्षं लागतील. आणि इटलीतली सगळ्यात कणखर, सगळ्यात सावकाश पिकणारी म्हणून जिचं नाव घेतात ती बारोलो? ती वर्षाला साधारण दीड कोटी बाटल्या निघते. नुसत्या बारोलोने लोणार भरायचं, तर साडेपंधरा हजार वर्षं थांबावं लागेल.

हे माप मी मुद्दाम घेतलं. आपण बुलढाणा जिल्ह्यातली माणसं लोणार पाहुण्यांना दाखवतो, फोटो काढतो, दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन येतो. पण प्रचंड आणि सूक्ष्म अशा दोन्ही टोकांच्या गोष्टी मोजायला इतकी चांगली मोजपट्टी आपल्या दारात पडलेली आहे, ह्याचा उपयोग फारसा कुणी करत नाही. जुन्या वाईनसारखा विषय तर अशा मोजपट्टीशिवाय नीट कळतच नाही, कारण त्यातले आकडे एकतर डोळ्यांत मावत नाहीत किंवा डोळ्यांना दिसत नाहीत.

आधी वेळेचं बघू. बारोलोचा कायदा सांगतो, की ज्या वर्षी द्राक्षं तोडली त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने वाईन बाजारात आणायची नाही, आणि त्यातले १८ महिने ती लाकडी पिंपात राहिली पाहिजे. ३८ महिने म्हणजे जवळजवळ बरोब्बर १० कोटी सेकंद. 'रिझर्वा' लिहायचं असेल तर ६२ महिने. तिकडे तोस्कानातल्या ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनोलाही तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत मुभा नाही. २०२० च्या शरदात तोडलेली द्राक्षं २०२५ उजाडल्यावर दुकानात आली. आपल्याकडे द्राक्षबागायतदार तोडणीनंतर चार दिवस माल पडून राहिला तरी हवालदिल होतो. हे लोक पाच-पाच वर्षांचा माल तळघरात घेऊन बसतात आणि कायदाच त्यांना तसं बसवतो.

लोणारच्या मोजपट्टीवर मात्र ६२ महिने दिसतसुद्धा नाहीत. उल्का पडून विवर झालं त्याला सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं झाली, असं अलीकडचं कालमापन सांगतं. एकामागून एक रिझर्वा पिकवत बसलं, तर तेवढ्या काळात १ लाख १० हजार रिझर्वा होतील. ज्या काळ्या दगडात ते विवर पडलं, तो बेसॉल्ट तर साडेसहा कोटी वर्षांचा. बारोलोच्या टेकड्यांची बरीचशी चुनखडीयुक्त माती समुद्राच्या तळाशी साचली ती एक कोटी वर्षांच्या आगेमागे. त्या भूशास्त्रीय कालखंडाचं नावच त्याच भागातल्या तोर्तोना गावावरून पडलं. म्हणजे लोणारच्या काठचा कुठलाही दगड उचलला, तर तो बारोलोच्या मातीपेक्षा पाच कोटी वर्षांनी थोरला असतो.

आता बाटलीच्या आत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

बारोलो नेब्बियोलो ह्या एकाच द्राक्षाची. रंगाने फिकी, डाळिंबाच्या रसाइतकीही गडद नाही. म्हणून पहिल्यांदा पिणारा फसतो. घोट घेतला की हिरड्यांवर, जिभेच्या कडांना, गालांच्या आतून तुरटपणा आवळत जातो. हा तुरटपणा टॅनिनचा. द्राक्षाची साल आणि बी ह्यांतून तो येतो आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतो, त्यामुळे तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. तरुण बारोलोचा पहिला घोट अनेकांना आवडत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. ती तेव्हा पिण्यासाठी केलेलीच नसते. ज्या वाईनमध्ये टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, तिला जाणकार 'सांगाडा असलेली' म्हणतात. ह्या सांगाड्यावर दहा-वीस वर्षं उभी राहण्याची ताकद तिच्यात येते.

त्या वीस वर्षांत बाटलीत काय चालतं? बाहेरून बघाल तर काहीच नाही. आडवी ठेवलेली बाटली, अंधार, धूळ. पण बूच पूर्ण हवाबंद नसतं. चांगल्या नैसर्गिक बुचातून वर्षाला साधारण एक मिलिग्रॅम प्राणवायू आत जातो. हा आकडा ऐकून कुणालाच काही वाटत नाही. एक मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या दाण्याचा विसावा भाग. पण तोच आकडा रेणूंमध्ये मोजला की कळतं: त्या निश्चल बाटलीत प्रत्येक सेकंदाला प्राणवायूचे सुमारे ६० हजार कोटी रेणू शिरत असतात. आपण झोपलेलो असतो तेव्हाही, सणावाराला घर भरलेलं असतं तेव्हाही, सतत, वीस वर्षं. एवढे रेणू येऊनही वीस वर्षांची बेरीज वीस मिलिग्रॅम, एका चिमटीतही न येणारी.

ह्या प्राणवायूमुळे टॅनिनच्या साखळ्या तुटतात, नव्याने जुळतात, लाल रंगद्रव्याचे रेणू त्यांत अडकतात. जड झालेल्या साखळ्या गाळ होऊन तळाशी बसतात. रंग लालवरून विटकरी होतो, कडेला नारिंगी झाक येते. फळांचा ताजा वास मागे सरतो आणि वाळलेल्या गुलाबाचा, डांबराचा, चामड्याचा, पावसाळी जंगलातल्या पाचोळ्याचा वास पुढे येतो. गुलाब आणि डांबर एकाच पेल्यात, हे ऐकायला विचित्र वाटतं. नाकाला मात्र ते पटतं.

बुचाबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं. ते ओक जातीच्या एका झाडाची साल आहे. ह्या सालीच्या एका घन सेंटिमीटरात सुमारे चार कोटी पेशी असतात, म्हणजे एका बुचात ८० कोटींच्या आसपास. पोर्तुगालमध्ये झाड पंचवीस वर्षांचं होईपर्यंत साल काढत नाहीत, त्यानंतर दर नऊ वर्षांनी एकदा काढतात, आणि वाईनच्या बुचाला योग्य साल तिसऱ्या वेळेपासूनच मिळते. म्हणजे बूच बाटलीत जाण्याआधीच झाडाचं वय त्रेचाळीस.

आणि ह्याच बुचातून कधी कधी टीसीए नावाचं संयुग वाईनमध्ये उतरतं. ओलसर पुठ्ठा, कुबट तळघर असा त्याचा वास. एका लीटरमध्ये पाच नॅनोग्रॅम असलं तरी बऱ्याच जणांच्या नाकाला ते कळतं. पाच नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे वीस कोटी भाग करून त्यातला एक. मग एक ग्रॅम टीसीए वीस कोटी लीटर वाईन बिघडवायला पुरेल. इटलीची वर्षभराची सगळी वाईन बिघडवायला बावीस ग्रॅम, आणि काठोकाठ भरलेलं लोणार बिघडवायला ८७५ ग्रॅम. एक किलोसुद्धा नाही. माणसाचं नाक कमजोर असतं, असं आपण कुत्र्याशी तुलना करून म्हणत आलो. हा आकडा बघितल्यापासून मला ते म्हणवत नाही.

लोणारच्या पाण्याचा आणि वाईनचा आणखी एक हिशेब मला फार आवडतो. लोणारचं पाणी खारं आणि प्रखर अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. बारोलोचा सामू साडेतीन. फरक साडेसहाचा दिसतो, पण ही मोजणी दहाच्या पटीत चालते. त्यामुळे बारोलोत हायड्रोजन आयन लोणारच्या पाण्यापेक्षा तीस लाख पटींनी जास्त. वाईनचा लाल रंग ह्या आम्लतेवरच टिकतो. अल्कधर्मी पाण्यात तेच रंगद्रव्य निळं-हिरवं पडतं. लोणारचं पाणी स्वतः जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, पण ते वेगळ्या कारणाने. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात मीठ सोसणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं.

आता आपल्या जिल्ह्यात अशी बाटली सांभाळायची तर काय, हा प्रश्न हल्ली खराच पडतो. परदेशातला मुलगा किंवा भाचा कौतुकाने बाटली आणतो, आणि 'जुनी झाली की चांगली लागते' म्हणून ती कपाटात जाते. अशा वाईनला हवं असतं तेरा-चौदा अंश तापमान, वर्षभर सारखं. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांना क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावच्या बाजूला घरातलं कपाट ३४ अंशांवर असेल, तर वेग चौपट. उन्हात उभ्या गाडीत ४४ अंशांवर आठपट. घाटावर बुलढाणा, चिखलीकडे रात्री जरा बऱ्या, पण दुपार तिथेही सोडत नाही. शिवाय १५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की बाटलीतली वाईन सुमारे सात मिलिलीटर फुगते. बुचाखाली तेवढी रिकामी जागा नसते, म्हणून बूच वर सरकतं, वाईन पाझरते, आणि रात्री थंड झाल्यावर हवा आत ओढली जाते. आणि चौपट वेगाने चार वर्षांची वाईन सोळा वर्षांची होते, असं नाही. नको त्या क्रिया अधिक वेगाने पळतात, आणि हाती शिजवलेल्या फळाचा वास येतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वाईनसाठीचा फ्रीज नसेल, तर घाटाखाली कुणी अशी बाटली उन्हाळा काढण्यासाठी ठेवू नये. दिवाळीनंतर आली असेल तर संक्रांतीच्या आत उघडावी.

बारोलोच हवी असंही नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली ह्या वाईन कंपनीने इटलीचं सांजोवेझे लावलं, तेच ब्रुनेल्लोचं द्राक्ष. तोस्कानातले वाईनतज्ज्ञ पिएरो मासी ह्यांनी तिथे सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों मिळून 'सेत्ते' तयार केली. तोस्कानात हे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात; आपल्याकडे त्याच सुमारास फळछाटणी असते आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर. तोच वेल, वर्षाचं चक्र मात्र उलटं. टॅनिन कशाला म्हणतात ते शिकायला ही बाटली चांगली आहे.

चाखण्याचीही एक गोष्ट आकड्यांनीच कळते. पूर्ण बाटली रुंद भांड्यात ओतून हलवली, तर हवेतून तिच्यात सुमारे सहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे बुचाने सहा वर्षांत दिला असता तेवढा, काही मिनिटांत. पण त्याने वाईन सहा वर्षांनी जुनी होत नाही. प्राणवायू आत आला तरी साखळ्या जुळायला दिवस आणि महिने लागतात. त्या काही मिनिटांत फक्त वास मोकळे होतात, कोंडलेपणा जातो. म्हणून तरुण, तुरट बाटली जेवणाच्या दोन-तीन तास आधी ओतून ठेवावी, सोळा-अठरा अंशांवर, आणि दर अर्ध्या तासाने एकेक छोटा घोट घेऊन बघावा. तुरटपणा पहिल्या घोटाला नेमका कुठे आवळतो आणि चौथ्या घोटाला कुठे, हे लक्षात ठेवायला वही नसली तरी चालतं, जीभ पुरते. सोबत मटणाचा रस्सा किंवा जुनं, मुरलेलं चीज असावं, कारण त्यांतली प्रथिनं टॅनिनला आधी पकडतात आणि लाळेची तेवढी सुटका होते.