मधला मुक्काम

३० जानेवारी १९४९ रोजी, गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीला, देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने रात्री निघायची, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. त्यातून प्रवासीही जात. सोनेगावहून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, दिल्लीचे ८५०, मद्रासचे ९१० आणि कलकत्त्याचे ९८०. चारही शहरांना सोयीची अशी दुसरी जागा नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रांना विमानाचा जादा आकारही उरला नाही. वर्ध्याच्या पेटीत पडलेले साधे पाकीट आता विमानाने जाऊ शकत होते.

त्या काळातला वर्धा मात्र वेगळ्याच वेगाने जगत होता. योजना आयोगाशी चर्चेसाठी पंडित नेहरूंनी विनोबांना दिल्लीला बोलावले. विनोबा १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून पायी निघाले आणि नोव्हेंबरच्या मध्याला राजघाटावर पोहोचले. दोन महिने! टपाल नेणाऱ्या डाकोटा विमानाचा वेग तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर धरला, तर सोनेगावहून दिल्ली तीन-साडेतीन तासांची. पण त्या साडेतीन तासांत विनोबांना वाटेतले एकही गाव भेटले नसते, आणि भूदानासाठी जमीन मागायची ती गावातच. इतक्या सावकाश केलेल्या प्रवासाचे मोल मला आजही मोठे वाटते.

विमानाचा वेगही फुकट मिळत नव्हता. डिसेंबर १९५३ मध्ये मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा नागपूरहून उडताच कोसळले. एका रात्रीत पत्र पोहोचवण्यासाठी माणसांनी जीव दिले, हे विसरता कामा नये.

पुढे लांब पल्ल्याची जेट विमाने आली. मुंबई-कलकत्ता थेट जोडले गेले आणि सत्तरच्या दशकात ही टपालसेवा बंद झाली. देशाचा मध्य असण्याचा नागपूरला जो फायदा होता, तो विमानांच्या ताकदीनेच हिरावून घेतला.

आता परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांचा मधला मुक्काम दोहा झाला आहे. डिसेंबर २०१५ पासून नागपूरहून तिथे थेट विमान जाते. साधारण २,८५० किलोमीटर, चार-साडेचार तास. तिथून पुढे न्यूयॉर्क आणखी चौदाएक तास. सोनेगावात एकेकाळी पत्रांची वाटणी होत असे, तशी आता माणसांची दोह्यात होते.

वर्धेकरांच्या दृष्टीने एक गोष्ट बरी झाली. सोनेगाव हे नागपूरच्या वर्धा रोडच्या बाजूला आहे. सेलू, बुटीबोरी, खापरी या वाटेने सत्तरेक किलोमीटर गेले की शहरात न शिरताच विमानतळ येतो. तरीही तिकिटावरचा वेळ खरा मानू नये. घरातून निघणे, रस्ता, उड्डाणाआधीचे तीन तास आणि दोह्यातली वाट पाहणे, हे सारे धरले तर न्यूयॉर्कचा प्रवास एका दिवसाच्या पलीकडे जातो. आर्वी-आष्टीकडच्या आईवडिलांना तर सोनेगावला पोहोचायलाच दोहा गाठण्याच्या निम्मा वेळ लागतो. डाकोटाच्या काळापेक्षा आकाशातला वेळ निम्म्याहून कमी झाला. गावापासून विमानतळापर्यंतच्या वेळाकडे मात्र तितके लक्ष कुणी दिले नाही. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाटहून उड्डाणांच्या वेळेशी जुळणारी एसटी सुटली, तर पहिला फरक तिथेच पडेल.