घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

मागच्या व्याख्यानात ‘प्रमाण म्हणजे काय’ हे बोलताना आम्ही एक प्रश्न विचारून थांबलो होतो. माणसाची अशी कोणती गोष्ट आहे, जी त्याला स्वतःला कधीच प्रत्यक्ष कळत नाही, पण शेजारी झोपलेल्याला रोज कळते? मागच्या रांगेतून एक आजीबाई म्हणाल्या, ‘घोरणं!’ सगळे हसले. आज त्याच उत्तरावर बोलू, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आम्ही डॉक्टर खरे, पण तत्त्वज्ञानातले. औषध लिहून द्यायचा आम्हाला अधिकार नाही. मात्र या विषयात आम्ही स्वतः रुग्ण आहोत, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो.

आपल्याकडे समजूत अशी, की माणूस घोरतोय म्हणजे ढाराढूर झोपलाय. दिवसभर राबलाय, झोपू द्या बिचाऱ्याला. प्रत्यक्षात काय होतं? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागं सरकते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते. श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद बोळातून वारा गेला की दाराचे पडदे फडफडतात ना, तसे हे मऊ भाग थरथरतात. तो आवाज म्हणजे घोरणं.

आता ही वाट अरुंद न होता पूर्ण बंद झाली तर? छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. किमान १० सेकंद श्वास असा थांबला, तर त्याला ‘ॲप्निया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘श्वास नसणं’. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठ्ठा घुरका येतो आणि श्वास सुरू होतो. पुन्हा झोप, पुन्हा तेच. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. असे अडथळे तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, असं मोजमाप आहे.

न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथं अग्नी आहे. घोरणं हा मात्र इतका पक्का धूर नाही. घोरणाऱ्या प्रत्येकाला ॲप्निया नसतो. खरी खूण आवाजापेक्षा मधल्या शांततेत असते. घोरता घोरता एकदम चिडीचूप आणि मग गुदमरल्यासारखा दचका. ही शांतता ऐकते कोण? शेजारी झोपलेली व्यक्ती. म्हणजे इथं प्रत्यक्ष चालत नाही, शब्दप्रमाणच लागतं. आणि घरोघरी नेमकं तेच प्रमाण आपण नाकारतो. ‘मी कुठं घोरतो? तुलाच झोप लागत नाही.’

आमच्या घरी हा वाद २० वर्षं चालला. आम्हाला सकाळी डोकं जड, दुपारी वाचताना पुस्तक हातातून पडायचं. वयाच्या खात्यावर टाकून आम्ही मोकळे. एके दिवशी नांदेडहून मुखेडला येताना गाडी चालवता चालवता डोळा लागला. शेजारी सौभाग्यवती होत्या, त्यांनी ओरडून जागं केलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभे आहोत. या आजारानं रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे खरंच. पण ट्रक, काळी-पिवळी, ऊसवाहू ट्रॅक्टर चालवणाऱ्याची अपुरी झोप दुसऱ्याचाही जीव घेऊ शकते.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झालं, वय ६९. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण होतं ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. अनेकांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांना इतरही आजार होते, हेही सांगायला हवं. पण पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी भारतातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला, की सुमारे १० कोटी भारतीयांना हा आजार असावा.

निदान कसं होतं? अंगाला तारा लावून रात्रभराची झोप-तपासणी करतात. काही जणांना घरीच छोटं यंत्र लावून ती करता येते. आमचा आकडा निघाला २२. डॉक्टरांनी आधी सी-पॅप सांगितलं. नाकावर मास्क, त्यातून दाबानं हवा, घशाची वाट उघडी राहते. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिवन यांनी ही पद्धत मांडली. तीव्र आजारात आजही तोच पहिला उपाय. पण आम्हाला मास्क काही सोसला नाही, आणि रात्री लाइट गेली की यंत्र बंद.

मग आम्हाला पाठवलं दातांच्या डॉक्टरांकडे. आम्ही म्हटलं, घशाच्या आजारात दाताचं काय काम? त्यांनी आमचा खालचा जबडा पुढं सरकवायला लावला आणि म्हणाले, ‘आता घोरून दाखवा.’ घोरता येईना! तुम्हीही करून बघा. जीभ खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा पुढं आला की जीभही पुढं येते, मागची वाट मोकळी होते. या तत्त्वावर वरच्या आणि खालच्या दातांची मापं घेऊन दोन पट्ट्या बनवतात. त्या रात्री घालायच्या. जबडा एकदम ओढत नाहीत, थोडा थोडा पुढं घेतात. सौम्य आणि मध्यम आजारात, किंवा सी-पॅप न सोसणाऱ्यांना याचा उपयोग होतो. आमचा आकडा ६ वर आला.

आता सावधगिरी. दात हलत असतील, हिरड्या खराब असतील, तर आधी ते उपचार. पट्टी धरायला पुरेसे दात लागतात. सुरुवातीला लाळ येते, जबडा दुखतो, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून अधूनमधून दाखवावं लागतं. पट्टी बसल्यावर झोपेची तपासणी पुन्हा करायची. बाजारातली तयार पट्टी घालून आवाज थांबला, म्हणून आजार थांबला असं नाही. धूर पांगवल्यानं अग्नी विझत नाही. सोबत वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं आणि कुशीवर झोपणं हेही उपचारच आहेत.

लहान मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर त्याचं कौतुक करू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असतात.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचं भांडण आहे, श्रेष्ठ कोण? वाणी गेली, डोळे गेले, तरी चाललं. प्राण निघू लागला तेव्हा सगळे हात जोडून म्हणाले, तूच श्रेष्ठ. तो प्राण रात्री शंभर वेळा अडखळत असेल, तर त्याची दखल घ्यायला नको?

मंडळी, साप चावला की मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात न्यायचं, हे डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळं आपलं मुखेड शिकलं. हेही शिकता येईल. आज घरी गेल्यावर एकच करा. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, ‘माझा श्वास मध्येच थांबतो का?’ आणि उत्तर मिळाल्यावर वाद घालू नका. आम्ही २० वर्षं घातला.