गावात घर बांधायचंय? गृहकर्जासाठी आधी हा कागद तपासा

स्वारगेटहून एसटीने भोर, वेल्ह्याला जाणाऱ्या अनेकांचं घर गावठाणात आहे. तिथल्या जागेला सहसा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. गृहकर्ज अडतं ते इथेच. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. तिच्या आधारे जागा बँकेकडे तारण ठेवता येते.

घरकुल यादीत नाव असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून सपाट भागात १.२० लाख, डोंगराळ भागात १.३० लाख रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. सिमेंट-सळईचे भाव पाहता एवढ्यात भागणं कठीणच. पण याच लाभार्थ्यांना हवं असल्यास ७० हजारांपर्यंतचं बँक कर्ज ३ टक्के कमी व्याजाने घेण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत हे आवर्जून विचारा.