पोटातले दोन चुंबक

प्रत्येक चुंबकाला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, विजातीय ध्रुव ओढतात. चुंबकाचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात दोन्ही ध्रुव असतातच. शाळेतला हा साधा नियम लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

काही खेळण्यांत हल्ली नियोडिमियम, लोह आणि बोरॉनचे चुंबकीय मणी असतात. १९८० च्या दशकात आलेले हे चुंबक ज्वारीच्या दाण्याएवढे असले तरी जुन्या काळ्या चुंबकांपेक्षा कितीतरी जोरदार असतात. एकच मणी गिळला, तर तो बहुधा शौचावाटे पडतो. दोन गिळले, तर गोष्ट वेगळी. मध्ये कागद धरला तरी चुंबक टाचणी ओढतो. तसेच आतड्याच्या दोन वेटोळ्यांतले मणी फिरून विजातीय ध्रुव समोरासमोर आणतात आणि मधल्या भिंतींसकट चिकटतात. चिमटीत सापडलेल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, तिथे भोक पडते. इजा काही तासांतच सुरू होऊ शकते.

सुरुवातीला पोटदुखी, उलटी होते. कधी काहीच जाणवत नाही. म्हणून नुसता संशय आला तरी वाट पाहू नये. मुलाला उलटी करायला लावू नये, लगेच रुग्णालयात न्यावे आणि चुंबक गिळल्याचे स्पष्ट सांगावे. एक्स-रेमध्ये चिकटलेले दोन मणी एकच भासू शकतात. एमआरआय यंत्र स्वतःच प्रचंड चुंबक असल्याने ती तपासणी मात्र टाळावी लागते.

लहान मुले असलेल्या घरात असे मणी नसलेलेच बरे.