आधी पाण्याची वाट, मग लाकूड

फळी वरून ठणठणीत दिसत होती. मिस्त्रींनी पहार घालून ती उलटी केली, पाठीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते बोटभर आत गेलं. खालच्या तुळयांचीही तीच गत. फळी जिथे तुळईला चिकटून बसली होती नेमकं तिथेच लाकूड काळं आणि भुसभुशीत. दोन तुळयांच्या मधली फळी मात्र खणखणीत. विटेच्या खांबावरून वाळवीने मातीची नळी पार वरपर्यंत आणली होती.

मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्याच्या परसातला हा लाकडी कट्टा. पोरं त्याला डेक म्हणतात. आत्याने पहिला प्रश्न लाकडाचाच विचारला, "मिस्त्री, साग घालायचा का ते प्लास्टिकचं?" मिस्त्री म्हणाले, "लाकूड मागनं बघूया की, काकू. पाणी कुठनं जातंय ते आदी बघू."

जाहिराती फळीची वाखाणणी करतात, खालच्या सांगाड्याचं नावही काढत नाहीत. खरं तर निव्वळ पाण्याने लाकूड कुजत नाही. विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, कारण पाण्याखाली बुरशीला हवा मिळत नाही. घरात, लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली असला की तिथेही बुरशीचं काही चालत नाही. नासतं ते मधलं, धड ओलं नाही आणि धड कोरडं नाही असं. वाड्यांच्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी खांब कधी मातीत पुरला नाही, दगडी तळखड्यावर उभा केला.

मिस्त्रींनीही तेच केलं. जमिनीला गटाराकडे उतार दिला, वर मुरूम दाबला, काळ्या दगडाचे ठोकळे बसवले आणि त्यांवर तुळया ठेवल्या. खालून वारा खेळेल एवढी मोकळी जागा राखली. तुळयांच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवली, म्हणजे फटीतून गळलेलं पाणी लाकडात मुरायच्या आत घरंगळतं.

मग टिंबर मार्केट. बर्मा सागाचं नाव सगळे घेतात, पण म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग येतो. कोवळ्या झाडाचा, पांढरा भाग जास्त असलेला. सागाला वाळवी टाळते ती त्याच्या गाभ्यातल्या द्रव्यांमुळे. पांढऱ्या भागात ती नसतात, तेव्हा 'साग आहे' एवढ्यावर भुलण्यात अर्थ नाही. जवळच्या घाटातला ऐन मजबूत खरा, पण उन्हात तडकतो. प्लास्टिक आणि भुसा मिळून बनवलेल्या फळीला वाळवी लागत नाही, तेल लागत नाही. पण एप्रिलच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं. शिवाय ती उन्हात लांबीला वाढते, लाकूड पावसात रुंदीला फुगतं. त्यामुळे फटी वेगळ्या ठिकाणी सोडाव्या लागतात.

परदेशात डेकसाठी सर्रास पाइन वापरतात, दाबाने रसायन मुरवून. त्यातलं सर्वांत गाजलेलं रसायन डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेसन यांनी १९३३ साली शोधलं: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. अमेरिकेत २००३ अखेर त्याचा घरगुती वापर थांबला, आर्सेनिकमुळेच. पोरं जिथे लोळणार तिथे विषाची परीक्षा कशाला?

शेवटी पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या सागी कड्या घेतल्या. जुनं लाकूड सगळं आकसून झालेलं असतं, ते आता फारसं वाकडं जात नाही. अडचण खिळ्यांची. लाकूड चिरायच्या गिरणीत मिस्त्री प्रत्येक कडीवरून लोहचुंबक फिरवत होते. आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खातो आणि पात्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी येतात. चिरलेल्या पहिल्या फळीतून सागाचा तो चामड्यासारखा वास आला, रंग मधाळ निघाला. शतकभराची काजळी फक्त वरवरची होती.

फळ्या चार इंचीच ठेवल्या. रुंद फळीची पावसात वाटी होते. फटीत खिळा धरून सारखं अंतर राखलं. टोकांना आधी तेल पाजलं, कारण लाकूड सगळ्यांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. हे आजरा-चंदगडच्या काजूच्या टरफलांचं तेल, काळं आणि अंगाला लागलं तर कातडी भाजणारं, म्हणून हातमोजे घालून. वरच्या अंगाला जवसाचं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे: साध्या लोखंडाने सागावर काळे डाग पडतात. खिळे ठोकले नाहीत, म्हणजे एखादी फळी बिघडली तर तेवढीच उचलता येईल. पूरपट्ट्यातल्या घरांनी तर स्क्रूच वापरावेत. नाहीतर पाणी ओसरल्यावर खालचा गाळ काढायचा कसा?

वळवाच्या पहिल्या सरीने काम तपासून दिलं. तासाभरात फळ्या वरून सुकल्या, खाली वाकून पाहिलं तर तुळयाही. आत्या खूश होऊन लगेच तुळशीची आणि जास्वंदीची कुंडी डेकवर मांडायला निघाली. मिस्त्रींनी तिला थांबवलं, कुंडीच्या बुडाखाली सतत ओल राहते म्हणून. उरलेल्या तुकड्यांचे पाय करून दिले, कुंड्या वर उचलल्या, आणि त्याचे पैसे वेगळे लावले.