माळ्याने कोणाला सांगायचं? सार्वजनिक बागांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जयपूरच्या तिलक नगरात माझी मावशी राहते. मोती डुंगरीचा गणपती आणि बिर्ला मंदिर तिथून जवळ, आणि घराच्या समोरच कॉलनीची छोटी बाग. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे होते, तेव्हा सकाळी सहाच्या सुमारास आम्ही दोघी फिरायला खाली उतरलो, तर माळीबुवा स्टुलावर चढून झोक्याला सुतळी गुंडाळत होते. "भैया, ये क्या कर रहे हो?" मावशीने विचारलं. ते उतरले आणि मला जवळ बोलावून वर बोट दाखवलं. साखळी ज्या एसच्या आकाराच्या कडीत अडकते, ती कडी आतल्या बाजूने झिजून निम्मी उरली होती. बाकी कडी गंजलेली, आणि जिथे लोखंड लोखंडावर घासत होतं तेवढाच भाग चांदीसारखा चकचकीत. "साब को दो बार बोला," ते म्हणाले. मग झोका बंद का नाही केलात? "मेरे कहने से कौन बंद करेगा?"

त्या कॉलनीत इंजिनियर राहतात, डॉक्टर राहतात, निवृत्त अधिकारी राहतात. धोका पहिल्यांदा दिसला तो माळ्याला. पण तो दिसल्यावर पुढे काय करायचं, हे त्याला कोणीच शिकवलं नव्हतं. सार्वजनिक बागांच्या सुरक्षिततेबद्दल आपले जे गैरसमज आहेत, त्यातले बहुतेक याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

"माळ्याचं काम झाडांचं, सुरक्षितता हा इंजिनियरचा विषय"

इंजिनियर किंवा उद्यान निरीक्षक बागेत कधीतरी येतात. माळी आणि रखवालदार रोज असतात. कालपर्यंत घट्ट असलेला बोल्ट आज हलतोय, दिव्याच्या खांबाचं झाकण उघडं पडलंय, बाकाची पट्टी तुटून खिळा वर आलाय, या गोष्टी रोज पाहणाऱ्यालाच कळतात. त्यामुळे जगात जिथे जिथे बागांची नीट देखभाल होते, तिथे तपासणीच्या दोन पातळ्या असतात: रोजची नजरेची तपासणी जागेवरच्या कर्मचाऱ्याकडे, आणि ठरावीक मुदतीने होणारी बारकाईची तपासणी तज्ज्ञाकडे. आपल्याकडे दुसरी कागदावर असते आणि पहिली माळ्याच्या भलेपणावर सोडलेली असते.

ही रोजची तपासणी शिकवायला मोठं पुस्तक लागत नाही. लहान मुलाचं डोकं अडकण्याचा धोका घ्या. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने क्रीडांगणांसाठी १९८१पासून एक मार्गदर्शिका काढली आहे. तिचा नियम असा, की खेळण्याच्या साधनातली कोणतीही बंदिस्त फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान नसावी. अशा फटीतून मूल पाय पुढे करून घसरतं, अंग निघून जातं आणि डोकं अडकून गळा लटकतो. आता हेच माप आपल्या हातावर आहे. चार बोटं आडवी धरली की साधारण तीन इंच, आणि एक वीत म्हणजे नऊ इंच. चार बोटं सहज जाऊन वर जागा उरते, पण पूर्ण वीत मावत नाही, ती फट संशयाची. हे दहा मिनिटांत शिकवता येतं, आणि एकदा हाताने मोजलेलं माणूस विसरत नाही.

"मुलं पडणारच, त्याला काय करणार?"

मुलं पडणारच, हे खरं. पण कशावर पडणार, हे आपल्या हातात असतं. क्रीडांगणावरच्या दुखापतींचं सर्वात मोठं कारण साधनावरून खाली जमिनीवर पडणं हेच आहे. आणि आपण काय करतो? बाग 'सुशोभित' करायची म्हणून झोक्याखाली फरशी बसवतो, पेव्हर ब्लॉक टाकतो. नगरसेवकाच्या निधीतून झालेल्या कामात हे हमखास दिसतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण खर्च करून धोका विकत घेतलेला असतो.

"आमच्याकडे फरशी नाही, हिरवळ आहे" हेही पुरेसं नाही. झोक्याखालची हिरवळ महिन्याभरात पायांनी घासून जाते आणि खाली दगडासारखी टणक माती उरते. म्हणूनच त्या मार्गदर्शिकेत गवत आणि माती सुरक्षित पृष्ठभाग म्हणून धरलेच जात नाहीत. नऊ इंच, म्हणजे पुन्हा एक वीत, भुसभुशीत वाळू असेल तर ती सुमारे चार फुटांपर्यंतच्या पडण्याला झेलू शकते. पण वाळू दबते, बाजूला सरकते. ती आठवड्यातून एकदा फावड्याने उकरून परत झोक्याखाली ओढायची असते. हे काम माळ्याचंच, आणि त्याला ते कारणासकट सांगायला हवं. कारण माहीत नसेल, तर वाळू उकरणं हे त्याला उगाच लावलेलं काम वाटणार.

इथे पालकांचाही एक गैरसमज सांगायला हवा: लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरणं सुरक्षित असतं हा. प्रत्यक्षात पायाच्या नळीची हाडं मोडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. मूल एकटं असेल आणि त्याचा बूट कडेला अडकला, तर ते थांबतं. मांडीवर असेल, तर मोठ्या माणसाचं वजन त्याला तसंच पुढे नेतं आणि अडकलेला पाय पिळवटतो. हे रखवालदाराला माहीत असेल तर तो नम्रपणे सांगू शकतो. तसंच जयपूरच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याची घसरगुंडी दुपारी भाजते, लहानग्याची कातडी काही सेकंदांत पोळते. ती सावलीत आहे का, बसवतानाच उत्तरेकडे तोंड करून बसवली का, हे विचारणारं कोणीतरी असावं.

"धोका खेळण्यांपाशी असतो"

मार्च २०२४मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात चार आणि पाच वर्षांचे दोन सख्खे भाऊ पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीत पडून मरण पावले. उद्यान महापालिकेचं होतं आणि टाकीचं तोंड प्लास्टिकच्या कागदाने झाकलेलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली.

अशा टाकीजवळ झोका नसतो, घसरगुंडी नसते. मुलं खेळत खेळत बागेच्या अशा कोपऱ्यात जातात, जो मोठ्यांच्या दृष्टीने बागेत धरलेलाच नसतो: पंपाची खोली, टाकी, खताचा खड्डा, विजेची पेटी. बागेची फेरी मारताना नजर नेमकी तिथे न्यायची, हे प्रशिक्षणाचं पहिलं पान असायला हवं. झाकण नसेल तर तात्पुरती सोय म्हणून कागद, फांद्या किंवा पातळ प्लायवूड टाकणं हे उघड्या तोंडापेक्षा वाईट. उघडं तोंड निदान दिसतं. झाकल्यासारखं दिसणारं तोंड पाय टाकायला बोलावतं.

पाण्याबद्दल आणखी एक: बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. ते बहुतेक वेळा आवाज न करता जातं. म्हणून "कोणाचा आवाज आला नाही" याचा काहीच अर्थ नसतो. बागेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची क्रिया यायला हवी. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. १०८ला फोन केल्यावर बागेचं कोणतं फाटक, कोणत्या रस्त्यावर, हे एका दमात सांगता यायला हवं. ही ओळ रखवालदाराच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवायची, कारण त्या क्षणी भल्याभल्यांना स्वतःचा पत्ता आठवत नाही.

"हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध"

हा गैरसमज मी सुशिक्षित लोकांकडूनही ऐकला आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते शेतात झालं म्हणून बागेला लागू नाही असं नाही. सकाळी साडेसहाला, फेरफटका मारणाऱ्यांच्या मधून, तोंडाला फक्त रुमाल बांधून फवारणी करणारा माळी आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला मुखपट्टी आणि हातमोजे देणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि फवारणी कधी होणार याचा फलक आदल्या दिवशी फाटकावर लावायला फक्त एक खडू लागतो.

झाडांचंही तसंच. पानं हिरवीगार आहेत म्हणजे झाड मजबूत, असं आपण धरतो. खोड आतून पोकळ असूनही झाड वर्षानुवर्षं हिरवं राहू शकतं. बुंध्याशी उगवलेली अळंबी, एका बाजूने उचललेली माती, नव्याने आलेला कल, ही खरी लक्षणं. बुंध्याभोवती गच्च सिमेंट केलं की मुळं गुदमरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचा एक मीटर भाग मोकळा करायला सांगितलं होतं, ते याचसाठी.

"एकदा शिबिर घेतलं की झालं"

बहुतेक बागांची देखभाल ठेक्यावर असते. ठेकेदार बदलला की माणसं बदलतात आणि शिकवलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. म्हणून प्रशिक्षणाची अट निविदेतच लिहिलेली असावी, नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात. सभागृहात खुर्च्या मांडून पडद्यावर चित्रं दाखवण्यापेक्षा बागेतच, झोक्याखाली उभं राहून, त्याच्या भाषेत. आणि शिकवायचं मुख्य काय, तर दोन गोष्टी. एक, रोजची वही: तारीख, काय दिसलं, कोणाला सांगितलं, कधी दुरुस्त झालं. दुसरी, अधिकार: साधन धोक्याचं दिसलं तर कोणालाही न विचारता साखळी वरच्या नळीवर गुंडाळून झोका बंद करायचा. मुकादमाने त्यावर रागवायचं नाही, हे मुकादमालाही शिकवायचं. तिलक नगरातल्या माळीबुवांना कडी झिजल्याचं ज्ञान होतंच, वही आणि अधिकार तेवढे नव्हते.

"लोकसहभाग म्हणजे वृक्षारोपणाचा कार्यक्रम"

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त बोलावून बसवलं जातं, मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते आणि मत विचारलं जातं, वरच्या पायऱ्यांवर निर्णयात वाटा मिळतो. आपले बहुतेक कार्यक्रम तळाच्या पायरीवर फोटो काढून संपतात.

याहून चांगलं आपल्याकडे झालेलं आहे. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९७च्या सुमारास परिसर व्यवस्थापनाची चळवळ सुरू झाली आणि शहरभर पसरली. पुणे महापालिकेने २००६-०७पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, आणि बाकं, पदपथ, बागेतली छोटी कामं त्यातून सुचवता येतात. कायदाही बाजूने आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत बागा आणि क्रीडांगणं ही पालिकांची कामं म्हणून नोंदलेली आहेत. बंगळूरमधली बागेची जागा खासगी रुग्णालयाला देण्याविरुद्ध रहिवासी लढले आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाग कोणाची, या प्रश्नावर रहिवाशांना बोलायचा हक्क आहे, हे तेव्हाच ठरलं.

पण विचारायचं कोणाला? बैठकीला येणारे बहुधा निवृत्त पुरुष असतात, आणि त्यांना हवा असतो चालण्याचा ट्रॅक. त्यांचं चूक नाही, पण बाग त्यांच्यापुरती नाही. व्हिएन्नात १९९०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा कळलं, की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात, मुलगे होत नाहीत. तिथल्या पालिकेने दोन बागांची पुन्हा आखणी केली, वाटा आणि खेळण्याच्या जागा बदलल्या, आणि मुली परत येऊ लागल्या. आपल्या बागेत संध्याकाळी पाचनंतर तेरा वर्षांची मुलगी कुठे बसते? दुपारी सावलीत डबा खायला येणारी घरकाम करणारी बाई, चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा, यांना कोणी विचारतं? हे सगळं रोज पाहणारा पुन्हा तोच माळी. कोण येतं, कोण येईनासं झालं, दिवा गेल्यापासून कोणता कोपरा ओस पडला, हे त्याला ठाऊक असतं. त्याला लोकांशी बोलायला शिकवणं आणि झिजलेली कडी ओळखायला शिकवणं ही मला दोन वेगळी प्रशिक्षणं वाटत नाहीत. दोन्हींत पाहायचं, ऐकायचं आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवायचं असतं.

मावशीने त्या दिवशी कॉलनीच्या विकास समितीच्या दोन जणांना बोलावून कडी दाखवली. माळीबुवांनाच बोलायला लावलं. चौथ्या दिवशी दोन्ही कड्या बदलल्या आणि समितीने एक शंभर पानी वही त्यांच्या हातात दिली. पहिली नोंद मावशीच्या नातीने लिहिली, कारण माळीबुवांना लिहिता येत नव्हतं. तेव्हापासून ते सांगतात आणि ती लिहिते.

उद्या सकाळी तुमच्या बागेत गेलात की माळ्याला नावाने हाक मारा आणि एवढंच विचारा: इथे काही मोडलं, तर तुम्ही कोणाला सांगता? उत्तर आलं नाही, तर त्या दिवशीची फेरी थोडी लहान करा आणि वॉर्ड ऑफिसला एक अर्ज लिहा.